तक्त्यातील ‘एन.ए.’

आमच्या अतिदक्षता विभागातील तक्त्यावर नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण, ताप, लघवी असे रकाने ओळीने येतात आणि पानाच्या तळाशी ‘वेदना’ असा एक रकाना येतो. रुग्ण बोलत असेल तर त्याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा विचारावा आणि तो तेथे लिहावा, एवढेच मला नोकरीला लागताना सांगण्यात आले होते. ज्याच्या घशात नळी आहे आणि ज्याचा श्वास व्हेंटिलेटर चालवतो आहे, त्याच्या पानावर त्या रकान्यात मी पहिली तीन वर्षे ‘एन.ए.’ अशी दोन अक्षरे लिहीत आले. लागू नाही. माझ्या आधीच्या पाळीतील सिस्टरने तेच लिहिलेले असे, माझ्यानंतरची सिस्टरही तेच लिही, आणि राउंडला येणाऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवल्याचे मला आठवत नाही. हेच मी लघवीच्या रकान्यात लिहिले असते तर माझी खरडपट्टी निघाली असती.

मी मूळची खानापूर तालुक्यातील आहे. शाळा गावची, मराठी माध्यमाची. नर्सिंगचे शिक्षण बेळगावात झाले आणि नोकरीही येथेच करते आहे, त्याला आता सोळा वर्षे झाली. आमच्याकडे खानापूर, चिकोडी, हुक्केरी, गोकाक, बैलहोंगल या बाजूंचे रुग्ण येतात, तसेच हद्दीपलीकडून चंदगड आणि गडहिंग्लजचेही येतात. तक्ता इंग्रजीत भरला जातो, पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना रुग्ण सोपवतात ते बहुधा कन्नडमध्ये, केरळहून आलेल्या सिस्टर आपसांत मल्याळी बोलतात आणि दाराबाहेर बसलेले नातेवाईक मराठीत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत विचारपूस करतात. सीमाभागातील भाषेविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु जेथे खाटेवरील कोणालाच बोलता येत नाही, त्या खोलीत भाषेला केवढे महत्त्व असते, हे मला लिहिलेले कोठे आढळले नाही, म्हणून हा लेख.

चौथ्या वर्षाची एक रात्र मी विसरलेली नाही. त्या वेळी मी एका दुसऱ्या रुग्णालयात होते. चिकोडीकडील पन्नाशीतील एक बाई पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी अजून व्हेंटिलेटरवर होत्या. नळी ओढतील या भीतीने त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. मध्यरात्रीनंतर त्या पाय झाडू लागल्या, डोके उशीवर इकडून तिकडे करू लागल्या आणि व्हेंटिलेटरचा अलार्म पुन्हा पुन्हा वाजू लागला. माझे कन्नड तेव्हा बाजारापुरते होते. मी त्यांच्या कानाशी वाकून ‘आराम अदीरेन्री?’ असे विचारले. त्यांनी मान हलवली आणि मी ती होकारार्थी धरली. ‘आराम अदीरेन्री’ हे या भागातील रस्त्यात भेटल्यावर म्हणायचे वाक्य आहे; त्याला माणूस सवयीने होच म्हणतो, अगदी तापाने फणफणलेला असला तरी. मी डॉक्टरांना फोन करून बाई फार वळवळ करत असल्याचे कळवले, त्यांनी मिडाझोलाम वाढवायला सांगितले आणि थोड्या वेळात बाई शांत झाल्या. लघवी तासाला जेमतेम दहा मिलिलिटर येत होती, तेही मी कळवले होते. त्यावर सलाइन वाढले. नाडी मात्र १३० च्या खाली येईना. पहाटे अंग पुसताना त्यांना कुशीवर केले, तेव्हा लघवीची नळी मांडीखाली दुमडून चेपलेली दिसली. ती सरळ केली आणि पिशवी पाहता पाहता अर्ध्याहून वर भरली. अर्ध्या तासात नाडी शंभरावर आली.

तुंबलेल्या मूत्राशयाची कळ ज्याने एकदा सोसली आहे, त्याला मी अधिक सांगण्याची गरज नाही. त्या बाईंना चार तास ती कळ होती. त्यांचे हात बांधलेले होते, तोंडात नळी होती, वरून सलाइन वाढवलेले होते, आणि त्यांनी जे शेवटचे साधन वापरले, म्हणजे पाय झाडले, तेही आम्ही औषधाने काढून घेतले. मिडाझोलामने गुंगी येते. दुखणे त्याने कमी होत नाही. प्रोपोफॉलचेही तसेच आहे. रुग्ण निपचित पडला म्हणजे त्याचे दुखणे थांबले, असे आपल्याला वाटते, कारण आपला त्रास थांबलेला असतो. आता जगभर आधी वेदनाशामक आणि मग लागेल तेवढीच गुंगी हा क्रम मानला जातो. त्या रात्री आमचा क्रम उलटा होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी शिकायला घेतल्या. पहिली म्हणजे धड कन्नड. दुसरी म्हणजे विचारायचे कसे.

व्हेंटिलेटरवरील रुग्ण बोलू शकत नाही, म्हणजे तो उत्तर देऊ शकत नाही, अशी आमची समजूत होती आणि ती बऱ्याच रुग्णांबाबत चुकीची आहे. गुंगी हलकी असेल तर अनेकांना प्रश्न कळतो आणि उत्तरही देता येते. फक्त उत्तराचा मार्ग आपण ठरवून द्यावा लागतो. मान हलवणे हा मार्ग मी सोडून दिला आहे. आपल्याकडे होकाराची, नकाराची आणि ‘बघू या’ची मान हलण्यात तसाही फारसा फरक नसतो आणि नळी पट्टीने गालाला चिकटवलेली असली की तो फरकही उरत नाही. होय असेल तर डोळे एकदा घट्ट मिटा, किंवा माझी बोटे दाबा, असे मी सांगते. मग तोच प्रश्न उलटा करून विचारते: आता दुखत नाही, बरोबर? दोन्ही उत्तरे जुळली तरच आकडा लिहिते. चष्मा आणि कानाचे यंत्र ही दोन्ही सामानाच्या पिशवीत बाहेर नातेवाइकांपाशी असतात, ती आधी मागवते. कित्येकदा ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडलेला म्हातारा माणूस निव्वळ ऐकू येत नसल्यामुळे गप्प असतो.

शब्दही नेमका लागतो. ‘त्रास होतोय का?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याला प्रत्येक जण होच म्हणतो आणि त्या होकारात तहान, भीती, झोपमोड, घशातील नळी, घरची आठवण असे सगळेच असते. अतिदक्षता विभागात तहान हा फार मोठा त्रास आहे. ओल्या कापसाने ओठ पुसले की कित्येकांचा ‘त्रास’ निम्मा होतो. दुखण्याविषयी विचारायचे तर ‘दुखतंय का’ असेच विचारावे लागते आणि तेवढ्यानेही भागत नाही. आपल्या भाषेत दुखणे एका जातीचे नाही. ते ठणकते, ठुसठुसते, सलते, खुपते, भगभगते, चमक मारते, त्याची कळ येते. शस्त्रक्रियेच्या जखमेला ठणका असतो, सलाइनची सुई बाहेर सरकलेल्या हाताची भगभग असते आणि एकाच कुशीवर फार वेळ ठेवलेल्या माणसाचे अंग अवघडलेले असते, जे कुशी बदलली की बरे होते आणि त्यासाठी इंजेक्शन लागत नाही. बोलता न येणाऱ्या माणसापुढे हे शब्द एकेक करून ठेवावे लागतात: ठणकतंय? आग होते? टोचतंय? ज्या शब्दाला डोळे मिटतात, तेथे अर्धे निदान झालेले असते. कन्नडमध्ये मला इतके शब्द अजून येत नाहीत. ‘नोवु’ आणि ‘उरी’ यांच्यापुढे गेले की मी कन्नड सिस्टरला हाक मारते, आणि मराठी रुग्णासाठी ती मला मारते. एकदा चंदगडच्या एका आजींना तिने हिंदीत ‘दर्द’ विचारला होता. आजी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी ‘आजी, ठणकतंय काय ओ?’ म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि होकारासाठी त्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

आता ज्यांना विचारून उत्तर येतच नाही, त्यांच्याविषयी. आपल्याला कशामुळे दुखले असते, याची यादी आधी मनात करावी: हाड मोडले आहे, पोट उघडले होते, पाठीवर जखम आहे. कारण समोर दिसत असताना वेदना सिद्ध करण्याची जबाबदारी रुग्णावर टाकणे मला आता विचित्र वाटते. त्यानंतर त्याचे शरीर पाहावे लागते आणि त्यासाठी दोन तक्ते जगभर वापरले जातात. बिहेवियरल पेन स्केल हा फ्रान्समधील डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केला. त्यात चेहरा, हात आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे या तिन्हींना एक ते चार गुण असतात, म्हणजे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त बारा. आम्ही वापरतो तो क्रिटिकल केअर पेन ऑब्झर्व्हेशन टूल कॅनडातील सेलिन जेलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडला. जेलिना स्वतः नर्स आहेत, हे तो तक्ता वापरताना जाणवते. चेहरा, शरीराच्या हालचाली, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे, अशा चार बाबी त्यात आहेत. नळी काढलेली असेल तर चौथ्या बाबीच्या जागी कण्हणे-विव्हळणे धरतात. प्रत्येकी शून्य ते दोन गुण आणि एकूण आठ. दोन किंवा त्याहून अधिक आले की वेदना आहे असे समजून हालचाल करायची.

हा तक्ता हातात आला, तेव्हा मला त्याची भीतीच वाटली होती. प्रत्यक्षात त्याला दोन मिनिटे लागतात. आधी पूर्ण एक मिनिट रुग्णाला हात न लावता नुसते पाहायचे. अतिदक्षता विभागात एक मिनिट काहीही न करता उभे राहणे किती अवघड आहे, हे ज्याने केले त्यालाच कळेल. कपाळाला आठ्या आहेत का, डोळ्यांभोवतीची कातडी आवळलेली आहे का, हात दुखऱ्या जागेकडे जातो आहे का, हे पाहायचे. मग त्याचा हात कोपरातून हळूच वाकवून सरळ करायचा; सैल सुटला तर शून्य, अडला तर एक, वाकतच नसेल तर दोन. हेच पुन्हा कुशी बदलताना करायचे. अमेरिकेत कॅथलीन पुंटिलो यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ६,००० रुग्णांच्या सहा प्रक्रिया पडताळल्या होत्या, त्यांत घशातील स्राव ओढणे होते, जखमेतील नळी काढणे होते, मोठ्या शिरेत सुई घालणे होते. आणि प्रौढ रुग्णांना सर्वांत वेदनादायक ठरले ते कुशी बदलणे. आम्ही दर दोन तासांनी, पाठीला जखम होऊ नये म्हणून, काळजीपोटी जे करतो ते.

एक गोष्ट येथे स्पष्ट करावीशी वाटते, कारण नवीन सिस्टर तेथे हमखास चुकतात. या तक्त्यातील सहा म्हणजे बोलत्या रुग्णाने सांगितलेले ‘दहापैकी सहा’ नव्हे. वेदना आहे की नाही, एवढेच हा तक्ता सांगतो. ती किती आहे, हे त्याला ठाऊक नसते. आणि ‘शरीराच्या हालचाली’ या बाबीत शून्य गुणांपुढे त्या तक्त्यातच असा खुलासा आहे की रुग्ण अजिबात हालत नसला तरी त्यामुळे वेदना नाही असे ठरत नाही.

नाडी आणि रक्तदाबावर आमचा पूर्वी फार विश्वास होता. दुखले की नाडी वाढणारच, असे सगळे म्हणत. सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या अमेरिकेतील संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की या आकड्यांवरून वेदना ठरवू नये; ते वाढले तर नीट पाहायला सुरुवात करावी, इतकाच त्यांचा उपयोग. आमच्या भागात हे लगेच पटते. शेतातील कीटकनाशकाची विषबाधा झालेले रुग्ण आमच्याकडे नेहमीचे आहेत. त्यांना विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असते आणि ॲट्रोपिनने नाडी १२० च्या पुढे जाते, दुखो वा न दुखो. त्याने बाहुल्याही विस्फारतात, म्हणजे डोळ्यांवरूनही काही कळत नाही. उलट रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे नाडी मंद करणारी गोळी घेणाऱ्या माणसाचे हाड मोडले तरी मॉनिटरवर ८० च दिसते. मॉनिटर खोटे बोलत नाही, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही.

तक्तेही जेथे हात टेकतात, अशा जागा आहेत. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या कपाळाला आठ्या फारशा पडत नाहीत. त्याचे डोळे एकाएकी उघडतात, चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येते. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल तर प्रश्नच मिटतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, आमच्याकडे पालथे झोपवलेले कितीतरी रुग्ण या औषधावर होते. त्यांचा चेहरा हालत नव्हता, हात सैल होते, व्हेंटिलेटरशी भांडण नव्हते. तक्त्याप्रमाणे आठपैकी शून्य. अशा रुग्णाला गुण देत बसायचे नसते. दुखते आहे असे गृहीत धरून वेदनाशामक आणि गुंगी दोन्ही पुरेशी चालू ठेवायची असतात, कारण औषध कमी पडले तर तो जागा असेल, त्याला सगळे जाणवत असेल आणि त्याची पापणीदेखील हालणार नाही. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त भीती सिरिंज पंप रिकामा होण्याची वाटे.

वेदनेची जागतिक व्याख्या करणाऱ्या संस्थेने, म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेनने, १९७९ ची आपली व्याख्या २०२० साली सुधारली आणि तिच्या टिपांत असे घातले की बोलून सांगणे ही वेदना व्यक्त करण्याची अनेक रीतींपैकी एक रीत आहे. सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा जनावराला वेदना होत नसेल असे नाही. हे वाचून मला वडिलांची आठवण झाली. बैलाने रवंथ थांबवला, कान पाडले किंवा तो दात खाऊ लागला की ते रात्री कंदील घेऊन गोठ्यात जात. जनावराला ‘एन.ए.’ असे त्यांनी कधी म्हटले नाही. डॉक्टर मंडळींना मात्र माणसाच्या बाबतीतही हे पटायला वेळ लागला आहे. नवजात बाळांना दुखत नाही, अशा समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशा भुलेविना शस्त्रक्रिया होत. मूळचे भारतीय असलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि त्यांच्यात गुंतागुंतही कमी झाली.

मला ज्यांच्याविषयी मुख्यतः सांगायचे आहे, ते मामा खानापूर तालुक्यातील होते. वय साठीच्या पुढे. उसाचा हंगाम होता. ट्रॉलीवर मोळ्या रचताना ते खाली पडले, उजवीकडील पाच बरगड्या मोडल्या आणि छातीत रक्त साठले. छातीत नळी घातली होती, घशात नळी होती, श्वास व्हेंटिलेटरवर. मी विचारले, मराठीतच विचारले, पण ते अर्धवट गुंगीत होते आणि डोळ्यांनी काही उत्तर देत नव्हते. पडून असताना त्यांचे गुण शून्य किंवा एक, क्वचित कपाळावर एखादी आठी. फेंटानिल अगदी कमी प्रमाणात चालू होते आणि या गुणांवर ते वाढवण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते. कुशी बदलताना मात्र गुण पाचवर जात आणि प्रेशरचा अलार्म वाजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भेटीच्या वेळेत त्यांच्या पत्नी आत आल्या. चपला बाहेर, अंगावर रुग्णालयाचा हिरवा गाऊन, डोक्यावरचा पदर त्या गाऊनच्या आत अडकलेला. नातेवाईक सहसा डोक्याशी उभे राहतात, कपाळावरून हात फिरवतात. या मावशी सरळ पायांशी गेल्या आणि त्यांनी चादर वर केली.

“सिस्टर, ह्येंना लई दुखाय लागलंय बघा.”

“तुम्हाला कसं कळलं, मावशी?”

“अंगठा बघा की ओ त्येंचा.”

मी पाहिले. डाव्या पायाचा अंगठा उजव्या अंगठ्यावर घासत होता. हालचाल इतकी बारीक की चादरीवर सुरकुतीही हालत नव्हती. वर, खाली, वर, खाली, न थांबता. उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी लाल झाली होती. म्हणजे हे आताच सुरू झालेले नव्हते. मावशी म्हणाल्या, बैलाने मांडीत लाथ मारली होती तेव्हा हे असेच करत होते, मुतखडा झाला होता तेव्हाही असेच. तोंडाने कधी आई गं म्हणणार नाहीत. मी मिनिटभर उभी राहून पाहत होते, तेसुद्धा डोक्याशी. पायांवर चादर आम्हीच नीट ओढून घेतो, कारण एसी फार गार असतो आणि राउंडच्या वेळी खाट व्यवस्थित दिसावी लागते.

डॉक्टरांना बोलावले. ते तरुण होते. ‘अंगठा कोणत्या स्केलमध्ये आहे?’ असे त्यांनी हसत विचारले, आणि मग स्वतः चादर वर करून पाहिले. फेंटानिलचा एक डोस द्यायचे ठरले. गुण कमी असले तरी कारण समोर असेल आणि शंका असेल, तर वेदनाशामक देऊन काय बदलते ते पाहावे, ही मान्य रीत आहे. शिरेतून दिलेले फेंटानिल मिनिट-दोन मिनिटांत लागू पडते आणि पाच मिनिटांच्या सुमारास त्याचा पूर्ण परिणाम दिसतो. चौथ्या मिनिटाला अंगठा मंदावला. सहाव्याला थांबला आणि दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला सैल पडले. मावशींनी चादर पुन्हा नीट पांघरली आणि त्या निघून गेल्या. भेटीची वेळ संपली होती.

नातेवाइकांचा अंदाज अचूक असतोच असे नाही. वेदना आहे की नाही, हे त्यांना बहुतेकदा बरोबर ओळखता येते. ती किती आहे, हे सांगताना मात्र ते बऱ्याचदा चुकतात, आणि घाबरलेला मुलगा वडिलांच्या प्रत्येक श्वासाला कळ समजतो. म्हणून मी आता त्यांना ‘दुखतंय असं वाटतं का’ हे विचारत नाही. दुखल्यावर हे घरी काय करतात, हे विचारते. उत्तरे अशी येतात: उशी चावतात, एकदम गप्प होतात, कान चोळतात, देवाचे नाव घेतात. दाखल करताना आम्ही ॲलर्जी विचारतो, विमा विचारतो. हा एक प्रश्न त्या अर्जात छापलेला नाही, मी पेनने लिहिते.

त्या रात्री पाळी सोपवताना मी अंगठ्याची गोष्ट सांगितली. सकाळी येऊन पाहते तो पलंगाच्या पायथ्याच्या दांड्याला चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर निळ्या पेनाने कन्नड अक्षरांत लिहिले होते: ‘हेब्बेरळ नोड्री’. अंगठा बघा. मामांना फेंटानिलचा पंप वाढवला गेला, सोबत शिरेतून पॅरासिटामॉल वेळच्या वेळी सुरू झाले आणि कुशी बदलण्याआधी पाच मिनिटे थोडे जादा औषध देण्याचे ठरले. कुशी बदलतानाचे गुण पाचावरून दोनवर आले. बरगड्या मोडलेल्या माणसाचे दुखणे थांबवणे ही मायेपोटी केलेली चैन नव्हे. दुखत असले की तो श्वास वरवर घेतो, खोकत नाही, कफ साठतो आणि व्हेंटिलेटर सुटायच्या ऐवजी न्यूमोनिया होतो.

औषधाविषयी एक तक्रार नोंदवते. फेंटानिल आणि मॉर्फिन कुलपात असतात, प्रत्येक ॲम्प्यूलची नोंद होते, दोघांच्या सह्या लागतात आणि रिकामी काच परत द्यावी लागते. हे असलेच पाहिजे. परंतु रात्री दोन वाजता किल्ली तिसऱ्या मजल्यावरील सुपरवायझरकडे असते आणि वॉर्डमध्ये तीन व्हेंटिलेटरमागे एक सिस्टर असते, तेव्हा नियम कोणीही न मोडता रुग्णाला पाऊण तास कळ सोसावी लागते. गुंगीचे औषध मात्र हाताशी ट्रॉलीवर असते. त्या वेळी काय दिले जाते, हे सांगायला नको.

सहाव्या दिवशी मामांच्या घशातील नळी निघाली. आवाज बसलेला होता, पहिला शब्द ‘पाणी’ होता. आणखी दोन दिवसांनी छातीतील नळी काढायचे ठरले. नळी काढणे हे फार दुखते, म्हणून आधी औषध द्यावे लागते आणि त्यासाठी आता काय स्थिती आहे ते विचारावे लागते. रुग्णाला बोलता येत असेल तर त्याचे स्वतःचे सांगणे हाच सर्वांत भरवशाचा पुरावा, हे मी शिकले आहे आणि नवीन मुलींना शिकवते.

“मामा, छातीत दुखतंय काय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती म्हणाल?”

“छ्या. कशाचं दुखतंय. शून्य लिवा.”

मी तक्त्यात शून्य लिहिले. मग पायांशी गेले आणि चादर वर केली. शून्याच्या शेजारी, त्याच रकान्यात, मी ‘अंगठा चालू’ असे लिहिले, ठरलेले औषध दिले आणि नळी काढायला हातमोजे घालून आलेल्या डॉक्टरांना थोडे थांबायला सांगितले. त्यांनी तक्ता वाचला, मामांकडे पाहिले, मोजे उतरवले आणि पायांशी खुर्ची ओढून बसले.